समुद्रसपाटी म्हणजे नेमका कुठला समुद्र? खानदेशातील सर्व्हे शिकवणाऱ्या गुरुजनांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आयटीआय, पॉलिटेक्निक व अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर्व्हे शिकवणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

सा. न. वि. वि.

पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की अमळनेरहून माझ्या बहिणीचा फोन ठरलेला. आज मुंबईच्या समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार, असे तिने टीव्हीवर ऐकलेले असते. "भाऊ, आज पानीजोडे जाऊ नको रे," ती सांगते. मी किनाऱ्यावर सर्व्हेचे काम करतो, म्हणून तिचा जीव खालीवर होतो. ती लाट नव्हे, भरतीच्या पाण्याची पातळी आहे, असे मी दर वेळी समजावतो आणि तिचे समाधान होते. गेल्या खेपेला मात्र फोन तिच्या मुलाने घेतला. तो सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे, सर्व्हेचे पेपर चांगल्या मार्कांनी पास झाला आहे. त्याने विचारले, "मामा, पण ४.८ मीटर कुठून मोजले?"

मी म्हणालो, चार्ट डेटमपासून, म्हणजे समुद्राच्या नकाशांवरच्या शून्यापासून.

"म्हणजे एमएसएलपासूनच ना?"

नाही, मी म्हणालो. मुंबईत चार्ट डेटमचे शून्य हे एमएसएलच्या, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या, अडीच मीटर खाली आहे. तेव्हा ४.८ मीटरची भरती म्हणजे सरासरी पातळीच्या वर साधारण २.३ मीटर पाणी. तो गप्प झाला. मग त्याने आपले प्रॅक्टिकलचे जर्नल उघडले आणि मला वाचून दाखवले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक लेव्हलिंगची, म्हणजे उंचीच्या मोजणीची, सुरुवात एकाच वाक्याने होती: बेंचमार्कची आरएल १००.००० गृहीत धरली आहे. बेंचमार्क म्हणजे उंची ठरलेली पक्की खूण, आरएल म्हणजे तिची उंची. दोन वर्षांत एकदाही त्याने खऱ्या बेंचमार्कवर स्टाफ, म्हणजे मोजपट्टी, उभा केला नव्हता. आणि आपण मोजतो ती उंची कशापासून मोजतो, हा प्रश्न त्याला त्या दिवशी टीव्हीमुळे पडला.

म्हणून हे पत्र. तक्रार म्हणून लिहीत नाही. मी आपल्यासारख्याच एका सरांच्या हाताखाली, भर मे महिन्यात, मैदानावर डम्पी लेव्हल लावून शिकलो आहे. बॅकसाइट आणि फोरसाइटच्या बेरजा जुळल्याशिवाय ते आम्हाला जेवायला सोडत नसत. ती सवय आजही माझे पोट भरते. पण एक गोष्ट आम्हाला शिकवली गेली नाही आणि ती मी पुढे फार महाग शिकलो. माझे मागणे एवढेच आहे, की उंचीचा कुठलाही आकडा त्याच्या डेटमच्या, म्हणजे तो ज्या शून्यापासून मोजला त्याच्या, नावाशिवाय लिहायला मुलांना पहिल्या दिवसापासून मनाई करा. आणि समुद्र आपल्याकडे नाही, म्हणून भरती-ओहोटीचे डेटम वगळून पुढे जाऊ नका.

ते महाग शिकणे काय होते, ते आधी सांगतो.

कॉलेज सोडून दोन वर्षे झाली होती. कोकणातल्या एका खाडीत लहान जेट्टीचे काम होते. जेट्टीपुढचा गाळ काढून बोटी लागतील एवढी खोली करायची होती. नकाशावर लिहिले होते, तळ -४.००. कशापासून, ते कुठेच नव्हते आणि मीही विचारले नाही. माझ्याकडे रस्त्याकडेच्या बेंचमार्कची एमएसएलमधली उंची होती. तिथून लेव्हल आणली, जेट्टीवर टीबीएम, म्हणजे कामापुरता बेंचमार्क, केला आणि एमएसएलच्या खाली चार मीटर तळ धरून गाळ काढण्याचे आणि खोली मोजण्याचे सगळे हिशेब केले. हिशेब जुळत होते. क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटी मोजणी जुळवताना उरलेली चूक, मिलिमीटरांत होती आणि मला तिचा अभिमान होता.

तिथला एक म्हातारा तांडेल रोज येऊन काम बघायचा. एके दिवशी तो म्हणाला, "सायब, अमावास्येच्या सुकतीला इथं बोट बसंल." मी त्याला आकडे दाखवले. त्याने ते नीट पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी, पाणी पार उतरलेले असताना, बर्फ आणि डिझेल भरलेली एक बोट जेट्टीपुढे चिखलात टेकली आणि एका कुशीवर कलली.

नकाशावरचा -४.०० हा चार्ट डेटमचा होता. त्या जागी चार्ट डेटम हे एमएसएलच्या सुमारे अडीच मीटर खाली होते. म्हणजे मी एमएसएलखाली साडेसहा मीटरवर तळ न्यायला हवा होता, नेला चारवर. बोटवाल्याच्या भाषेत सांगायचे तर त्याला चार मीटर पाण्याची हमी हवी होती आणि मी त्याला दीड मीटर दिली. ड्रेजर परत बोलवावा लागला. त्या महिन्यात जेट्टीवर ज्यांची मजुरी बुडाली त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. नकाशा करणाऱ्याने डेटम लिहिले नव्हते हे खरे, पण मोजणारा मी होतो. विचारणे माझे काम होते.

दोन शून्ये वेगळी का असतात, हे त्या तांडेलाला कुणी शिकवावे लागले नव्हते. जमिनीवर रस्ता, कालवा, पूल बांधणाऱ्याला एक स्थिर पातळी हवी असते, म्हणून त्याने समुद्राची सरासरी धरली. जहाज चालवणाऱ्याला सरासरीचा उपयोग नाही. वर्षातल्या अर्ध्या वेळी पाणी सरासरीच्या खालीच असते. त्याला नकाशावर अशी खोली हवी, की प्रत्यक्षात पाणी त्याहून सहसा कमी होणारच नाही. म्हणून समुद्राच्या नकाशांचे शून्य हे उधाणाच्या ओहोटीला पाणी जवळजवळ शेवटचे जिथवर उतरते तिथे ठेवतात. आपल्या देशासाठी ते ठरवायची एक रीत जॉर्ज डार्विन यांनी घालून दिली. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या डार्विनचे हे चिरंजीव. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीचा अभ्यास करून त्यांनी 'इंडियन स्प्रिंग लो वॉटर' नावाची पातळी सुचवली. चंद्राची आणि सूर्याची दिवसातून दोनदा येणारी भरती, आणि दिवसातून एकदा येणारे दोन मुख्य घटक, अशा चौघांचे आयाम एकत्र करून ते सरासरी पातळीतून वजा करायचे. आज जगभर 'लोएस्ट अॅस्ट्रॉनॉमिकल टाइड', म्हणजे खगोलीय गणिताने निघणारी सर्वांत खालची ओहोटी, हे चार्ट डेटम वापरण्याकडे कल आहे. ती काढायला साधारण एकोणीस वर्षांची भाकिते तपासतात, कारण चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांत पुरे होते.

मुंबईच्या अपोलो बंदराचे आकडे मुलांना फळ्यावर लिहून द्यावेत असे आहेत. चार्ट डेटमच्या वर सरासरी समुद्रपातळी २.५१ मीटर, उधाणाच्या भरतीची सरासरी ४.४२ आणि उधाणाच्या ओहोटीची सरासरी ०.७६. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हेच पाणी १.८६ आणि ३.३० यांच्या मधेच घोटाळते. या चार-पाच आकड्यांतून २.५१ वजा करायला लावा. मुलगा स्वतःच म्हणेल, की उधाणाची भरती एमएसएलवर १.९१ आहे आणि ओहोटी एमएसएलखाली १.७५. त्या एका वजाबाकीत माझी जेट्टी वाचली असती.

मात्र २.५१ हा आकडा पाठ करून भागत नाही, हे त्याच तासाला सांगावे लागेल. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर असतो, तिथे दोन शून्यांमधले अंतर एक मीटरसुद्धा नाही. खंबातच्या आखातात भावनगरला हाच फरक दहा मीटरांच्या वर जातो, तिथे ते अंतर मुंबईच्या दुपटीहून जास्त. चार्ट डेटम हा सपाट पत्रा नाही. किनाऱ्यावरून तो कुठे चढतो, कुठे उतरतो, खाडीच्या तोंडाशी एक असतो आणि दहा किलोमीटर आत दुसरा.

आता जमिनीचे शून्य. आपल्या देशातल्या उंच्यांचे जाळे १८५८ साली सुरू झालेल्या लेव्हलिंगमधून उभे राहिले आणि १९०९ साली त्याचा हिशेब पक्का झाला. त्यासाठी नऊ ठिकाणच्या भरतीमापकांची सरासरी पातळी शून्य धरली: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट. कराचीचे नाव वाचून विद्यार्थी चमकतात, मीही चमकलो होतो. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. या नऊ ठिकाणांचे सरासरी पाणी खरे तर एकाच पातळीवर नाही, पूर्व किनाऱ्याचे पश्चिमेपेक्षा थोडे वर आहे. तरी सगळीकडे शून्यच धरले, त्यामुळे जाळ्याला किंचित ओढ बसली. शिवाय तेव्हा गुरुत्वाकर्षण प्रत्यक्ष मोजून हिशेबात घेतलेले नव्हते. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने ते घेऊन नवे आधारतल काढले, ते २००९ चे म्हणून ओळखले जाते. म्हणजे 'एमएसएल' एवढेच लिहिणेही आता अपुरे आहे. १९०९ चे की २००९ चे, हे सोबत लिहायला हवे. आणि ज्या समुद्राची ती सरासरी होती तो समुद्रही तिथेच थांबलेला नाही. मुंबईला १८७८ पासूनच्या नोंदी आहेत. त्यांत पातळी दशकाला सेंटिमीटरच्या आसपास चढताना दिसते. १९०९ चे शून्य म्हणजे आजचे सरासरी पाणी नव्हे.

नागपूरचा झिरो माइलचा खांब आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. १९०७ सालचा तो दगड बहुतेकांना देशाचा मध्य म्हणून माहीत असतो. त्याच्या जवळच्या दगडावर कोरलेली उंची, १०२०.१७१ फूट, फार थोडे लोक वाचतात. किनाऱ्यावरच्या पाण्याची उंची स्टाफ आणि लेव्हल घेऊन माणसांनी पायी पायी शेकडो मैल आत नेली, दर टप्प्याला मागे बघत, पुढे बघत. दगडात कोरलेले जीटीएस बेंचमार्क त्याच चालण्याच्या खुणा आहेत. आपल्या भागात जुन्या पुलाच्या कठड्यावर किंवा जुन्या सरकारी इमारतीच्या पायरीवर असा दगड सापडला तर तो मुलांना दाखवायला न्या. माझ्या मते ती एक भेट पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांहून मोलाची ठरेल.

समुद्र आपल्याकडे नाही, असे मी वर लिहिले. ते म्हणणे मला आता पटत नाही, कारण आपल्याकडे तापी आहे.

माझे लहानपण तापीच्या काठी गेले. श्रावणात पूर आला की म्हातारी माणसे ओसरीवरून विचारत, "पानी कितलं उनं रे?" आणि घाटावरून धावत आलेली पोरे सांगत, महादेवाच्या तिसऱ्या पायरीला लागले. ती पायरी आमचे डेटम होती. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या विश्वास होता, कारण ती हलत नव्हती आणि सगळ्यांना ठाऊक होती. पांझरेच्या काठच्या फड बागायतीतही असेच आहे. बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत पाट ज्या उताराने वाहतो तो ठरवायला समुद्राची गरज लागली नाही. दोन जागांमधला फरक अचूक असला की पुरे होते. आमच्या जर्नलातल्या १००.००० ला हाच आधार आहे आणि तो एका मळ्यापुरता खराच आहे.

पण पाणी गावाच्या हद्दीत थांबत नाही. हतनूर धरण पूर्ण भरते तेव्हा पाणी २१४ मीटरला असते. उकाई भरते ते ३४५ फुटांना, म्हणजे १०५ मीटरांच्या थोडे वर. एक आकडा मीटरांत, एक फुटांत, एक महाराष्ट्रात, एक गुजरातेत, तरी दोन्ही समुद्रसपाटीपासून मोजलेले, म्हणूनच हतनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडल्याची बातमी उकाईच्या माणसाला उपयोगी पडते. त्याच्याही खाली सुरत आहे. उधना, लिंबायत, दिंडोलीत आपल्या खानदेशातली हजारो घरे आहेत. आपल्या शिवारातून वाहिलेला पाऊस आपल्याच नात्यागोत्याच्या दारातून समुद्राला जातो. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या किती घरांतून रात्रभर फोन लावले जात होते, ते मी विसरू शकत नाही.

आणि सुरतेच्या खाली, हजिरा-डुमसकडे, दोन शून्ये एकमेकांना भेटतात. नदीचा अभियंता काठाची उंची, बंधाऱ्याची उंची, पुराची पातळी एमएसएलमध्ये लिहितो. बंदराचा माणूस भरतीचे वेळापत्रक चार्ट डेटममध्ये वाचतो. समजा, एका माणसाने वेळापत्रकात सहा मीटरची भरती पाहिली आणि दुसऱ्याने नकाशावर सहा मीटरचा काठ पाहिला. दोघेही म्हणतील, पाणी काठाला लागणार. ते लागणार नाही. दोन सहांमध्ये कित्येक मीटरांचे अंतर आहे. उलट चूक झाली तर ती जिवावर बेतते: पुराची पातळी चार्ट डेटमची समजून कुणी काही मीटर वजा केले, तर जिथून माणसे हलवायला हवीत तिथे ती झोपून राहतील. खानदेशातून निघालेला सर्व्हेअर नोकरीला बहुतेक वेळा मुंबईला नाहीतर गुजरातेत जातो. म्हणजे आपली मुले नेमकी याच सांध्यावर कामाला उभी राहतात, आणि हा सांधा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

मुंबईत तर तिसरेच शून्य भेटते. महापालिकेच्या नकाशांत टाउन हॉल डेटम असते, आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे त्या इमारतीवरून आलेले. त्याचे शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या बरेच खाली आहे. भूखंडाची भरणी किमान २७.५५ मीटरपर्यंत हवी, असे तिथल्या नियमांत वाचून आमच्याकडचा एक नवा मुलगा म्हणाला होता, की मग बुडायची भीतीच नाही. समुद्रापासून २७ मीटर उंच असलेल्या शहरात पाणी तुंबते कसे, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. तो पडला नाही, यात त्या मुलाचा दोष मी मानत नाही.

आता जीपीएसबद्दल. ते आल्यापासून गोंधळ वाढला आहे आणि तो किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. भुसावळ स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, दोनशे मीटरांहून थोडी जास्त. त्या पाटीखाली डीजीपीएसचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारे यंत्र, उभा करा आणि जिओइडची दुरुस्ती न लावता उंची वाचा. दीडशेच्या आसपास आकडा येईल. यंत्र बिघडलेले नाही. उपग्रहांना समुद्र माहीत नसतो. ते पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून उंची सांगतात. पाण्याची खरी पातळी ज्याच्यावर बसते तो जिओइड गुरुत्वाकर्षणाने ठरतो, आणि भारताखाली तो त्या लंबगोलाच्या बराच खाली खचलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरांहून जास्त, जगातला सर्वांत खोल खळगा तिथेच आहे. खानदेशात हे अंतर साधारण साठ मीटर. सूत्र एका ओळीचे आहे: जीपीएसची उंची म्हणजे जमिनीची खरी उंची अधिक जिओइडचे अंतर, आणि आपल्याकडे ते अंतर उणे आहे. म्हणून दोनशे दहातून साठ गेले.

कुणी म्हणेल, सगळीकडे साठच वजा आहेत तर फरक काय पडतो? फरक पडतो, कारण ते सगळीकडे सारखे साठ नसतात. दहा-वीस किलोमीटरांत ते काही डेसिमीटर बदलू शकते. आपल्या कालव्यांचा उतार किलोमीटरला दहा-वीस सेंटिमीटर असतो. नुसत्या जीपीएसच्या उंचीवर कालवा आखला तर कागदावर उतार दिसेल आणि शेवटच्या शेतकऱ्याकडे पाणी पोचणार नाही. पाणी लंबगोल ओळखत नाही, ते गुरुत्वाकर्षणाचे ऐकते. आज गावोगाव ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, शेताशेतांत रोव्हर फिरतो आहे. म्हणून किनारा कधी पाहणार नाही अशा मुलालाही हे यायलाच हवे. ईजीएम २००८ सारखे जिओइड मॉडेल यंत्रात असतेच. ते निवडले आहे का, कोणते निवडले आहे, आणि जवळच्या खऱ्या बेंचमार्कवर ते किती चुकते, हे तपासायची सवय मात्र माणसाला लावावी लागते.

एका डेटममधून दुसऱ्यात जायचे कसे, याची गुरुकिल्ली लोक माझ्याकडे मागतात. अमेरिकेत किनाऱ्यासाठी व्हीडेटम नावाचे सॉफ्टवेअर आहे. अक्षांश-रेखांश द्या, ते एका शून्यातून दुसऱ्यात नेते. आपल्या खाड्यांमध्ये अजून हात मळवावे लागतात, आणि मला वाटते, शिकायला तेच बरे. जागेवर पाण्यात टाइड पोल उभा करायचा, म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पक्की रोवलेली. काठावर टीबीएम करायचा. जवळच्या सरकारी बेंचमार्कपासून दुहेरी लेव्हलिंग करून त्या टीबीएमला एमएसएलमधली उंची द्यायची आणि टीबीएमवरून पोलच्या शून्याला. मग पाणी वाचायचे, दर दहा-पंधरा मिनिटांनी, रात्रंदिवस. निदान एक चांद्रमास, म्हणजे उधाण-भांग-उधाण-भांग सगळे येऊन जाते. त्याच काळातल्या जवळच्या मोठ्या बंदराच्या नोंदी घ्यायच्या, दोन्हीकडच्या भरती-ओहोटीचे गुणोत्तर काढायचे आणि त्या बंदराचे चार्ट डेटम आपल्या पोलवर उतरवायचे. शेवटी हातात एक चित्र येते: एकच उभी रेघ, तिच्यावर टीबीएम, एमएसएल, चार्ट डेटम, जीपीएसचा लंबगोल, पोलचे शून्य, प्रत्येकामधले अंतर लिहिलेले. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दर कामाची ही रेघ असते. ती काढून होईपर्यंत मी बोटीवर इको साउंडर, म्हणजे आवाजाने खोली मोजणारे यंत्र, चढवत नाही. त्या जेट्टीनंतर एकदाही नाही.

चित्र काढायचा आग्रह चिन्हासाठीही आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर लाउफेनबुर्ग इथे ऱ्हाइन नदीवर पूल बांधताना, २००३ साली, दोन्हीकडच्या अभियंत्यांना ठाऊक होते की त्यांची शून्ये वेगळी आहेत. जर्मनीची उंची अॅमस्टरडॅमच्या समुद्राची, स्वित्झर्लंडची मार्सेयच्या समुद्राची, फरक २७ सेंटिमीटर. त्यांनी दुरुस्ती लावलीही, पण उलट्या चिन्हाने. दोन टोके ५४ सेंटिमीटरांनी चुकली. डेटम माहीत असूनही हे झाले. आपल्या मुलांना तर ते माहीतच करून दिलेले नाही. अधिक की उणे हे डोक्यात ठरवायला सांगू नका, रेघ काढून बघायला सांगा.

अभ्यासक्रम बदलायला वर्षे जातात आणि तो आपल्या एकट्याच्या हातात नाही, याची मला कल्पना आहे. पण प्रॅक्टिकलचे जर्नल आपल्या हातात आहे. त्यात आरएलच्या रकान्याच्या डोक्यावर डेटमचे नाव नसेल तर सही करू नका. १००.००० गृहीत धरले असेल तर तसे लिहू द्या, 'गृहीत डेटम' हेही नावच आहे. वर्षातून एक लेव्हलिंग खऱ्या बेंचमार्कपासून कॉलेजपर्यंत करवून घ्या आणि कॉलेजच्या फाटकावर एक कायमचा टीबीएम बसवा, उंची आणि डेटम दोन्ही कोरून. पुढच्या बॅचेस त्यावरून मोजतील. भुसावळ किंवा जळगाव स्टेशनच्या पाटीची उंची आणि रोव्हरची उंची यांतला फरक मुलांना स्वतः काढू द्या. त्या साठ मीटरांचे आश्चर्य ते जन्मभर विसरणार नाहीत.

आणि एकदा तरी त्यांना समुद्रावर न्या. भुसावळहून सुरतेची गाडी तापीच्या सोबतीनेच खाली जाते. बहुतेक मुलांचे कोणीतरी सुरतेत असतेच, राहायची अडचण नाही. पौर्णिमेनंतरचा एखादा दिवस निवडा. एखाद्या धक्क्यावर परवानगी घेऊन टाइड पोल बांधा, डुमसच्या चिखलात उतरू नका, तिथे पाणी फार लांब जाते आणि परत येताना वेगाने येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत बारा तास पंचवीस मिनिटे, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. मुले कंटाळतील. पहिले दोन तास काही होतच नाही असे वाटते. मग पाणी पायऱ्यांमागून पायऱ्या सोडत खाली जाते, बांधलेल्या होड्या चिखलावर बसतात, आणि कुणीतरी विचारतेच, की सर, मग यातले शून्य कुठले?

माझ्याकडे चार मीटरचे दोन जुने पोल आहेत, एक ऑटो लेव्हल आहे आणि त्या खाडीतल्या कामाची वहीसुद्धा मी जपून ठेवली आहे, चुकीच्या हिशेबासकट. आपण बोलवाल त्या कॉलेजात ती घेऊन येईन, मुलांना ते पान दाखवीन. सुरतेला येणार असाल तर तारीख कळवा, पोल मी आधीच बांधून ठेवतो.

आपला नम्र,
तापीकाठचा एक विद्यार्थी, सध्या किनाऱ्यावर